उलगडलेलं रहस्य, झाकलेले खून

(महिला वाचकगटाच्या चर्चेचा समारोप करताना केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजच्या चर्चेसाठी स्टीग लार्सन यांची ‘द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू’ ही कादंबरी ठरली, तेव्हा दोघीतिघींनी विचारलं होतं, की पोटगी, मारहाण, रेशन असे शंभर विषय पडलेले असताना आपण खुनाच्या गोष्टीवर का बोलायचं? प्रश्न रास्त होता. पण गेले दोन तास तुम्ही ज्या तळमळीनं भांडलात, त्यातच त्याचं उत्तर मिळालं. धनंजय आणि झुंजारची पुस्तकं लपवून वाचत मोठ्या झालेल्या बायका आपण. रहस्यकथा आपल्याला परकी नाही. तिच्यात आपल्याला कुठं बसवलेलं असतं, हे विचारायचं मात्र राहून जातं.

तुमची मतं मी टिपून घेतली आहेत. त्यांच्याकडे वळण्याआधी ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. शेवटही सांगावा लागेल, कारण माझं म्हणणं शेवटाविषयीच आहे.

लार्सन हे स्वीडनमधले पत्रकार. वर्णद्वेषी, नवनाझी गटांवर नजर ठेवणाऱ्या ‘एक्स्पो’ या मासिकाच्या स्थापनेत १९९५ साली त्यांचा वाटा होता. नोव्हेंबर २००४ मध्ये, वयाच्या पन्नासाव्या वर्षी ते गेले, आणि कादंबरी २००५ साली, त्यांच्या मागे प्रसिद्ध झाली. बत्तीस वर्षं त्यांच्यासोबत राहिलेल्या इव्हा गॅब्रिएल्सन यांना वारसाहक्कानं काही मिळालं नाही. लग्न झालेलं नव्हतं, कायदेशीर मृत्युपत्र नव्हतं, म्हणून सगळं वडील आणि भाऊ यांच्याकडे गेलं. समतेचं माहेरघर म्हणून आपण ज्या देशाचं नाव घेतो, तिथला हा कायदा आहे.

आता गोष्ट. व्हँगर नावाचं एक मोठं उद्योगपती घराणं. १९६६ साली त्या घरातली सोळा वर्षांची हॅरिएट नाहीशी होते. जवळजवळ चाळीस वर्षांनी म्हातारा चुलत आजोबा मिकाएल ब्लूमक्विस्ट या पत्रकाराला तिचा शोध घ्यायला लावतो. त्याच्या मदतीला येते लिस्बेथ सालांडर, पंचविशीच्या आतबाहेरची, अंगानं किरकोळ, कॉम्प्युटरमध्ये तरबेज. न्यायालयानं तिला ‘स्वतःचा कारभार पाहायला असमर्थ’ ठरवून तिच्यावर पालक नेमलेला आहे. हॅरिएटच्या वहीत पाच नावं आणि पाच आकडे सापडतात. ते आकडे टेलिफोनचे वाटतात, पण असतात बायबलमधल्या ‘लेवीय’ या पुस्तकातल्या वचनांचे. प्रत्येक नावामागे एका बाईचा क्रूर खून आहे.

तुमच्या मतांचे ढोबळमानानं तीन गट पडले.

पहिला गट म्हणाला, हे वाचवत नाही. एका मैत्रिणीनं शंभर पानांनंतर पुस्तक ठेवून दिलं. ‘बाईवरचे अत्याचार एवढे तपशिलानं लिहायचे आणि वर आम्ही बाईच्या बाजूचे म्हणायचं!’ असं तिचं म्हणणं. मला यात निम्मं तथ्य दिसतं. लिस्बेथचा पालक तिच्याच पैशांसाठी तिला लाचार करतो आणि तिच्यावर बलात्कार करतो, ती पानं भयंकर आहेत. पण तिथं आपण तिच्याबरोबर असतो. तिला काय दुखतं, ती काय हिशेब करते, कुणाकडे जाता येणार नाही हे ती कशी ठरवते, ते सगळं आपल्याला कळतं. जुन्या खुनांचं तसं होत नाही. त्या बायका पोलिसांच्या फायलींमधून येतात. कोणती कशी मारली गेली, हे कोडं सोडवण्यापुरतं सांगितलं जातं. मघाशी मी विचारलं, त्या पाचजणींपैकी एकीचं तरी पूर्ण नाव कुणाला आठवतं का? कुणालाच आठवलं नाही. खुन्यांची नावं मात्र सगळ्यांना पाठ होती. दोष तुमच्या स्मरणशक्तीचा नाही, लिहिण्याच्या पद्धतीचा आहे.

दुसऱ्या गटाला लिस्बेथ बेहद्द आवडली. ती गुपचूप कॅमेरा लावते, त्या पालकाला जन्मभराची अद्दल घडवते आणि त्याच्या कातडीवर त्याचा गुन्हा गोंदवते. आपल्या केंद्रात काम करणारी एकजण म्हणाली, ‘वीस वर्षं अर्ज लिहून देते आहे मी. ते पान मी दोनदा वाचलं.’ ती पोलिसांत का जात नाही, असंही कुणीतरी विचारलं. त्याचं उत्तर पुस्तकातच आहे. कादंबरीच्या प्रत्येक भागाच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या बायकांविषयीचा एकेक आकडा दिलेला आहे. ४६ टक्के बायकांनी पुरुषाकडून हिंसा सोसलेली आहे, असं एका ठिकाणी आहे. लैंगिक अत्याचार सोसलेल्यांपैकी ९२ टक्के बायकांनी अलीकडच्या अत्याचाराची तक्रारच नोंदवलेली नाही, असं शेवटच्या भागाआधी आहे. लिस्बेथ त्या ९२ टक्क्यांमधलीच एक. फरक एवढाच, की तिच्याकडे विलक्षण स्मरणशक्ती आहे, कॉम्प्युटर आहे आणि कुणाचीही भीती नाही. बाकीच्यांकडे यातलं काही नसतं. म्हणून तिचा सूड वाचताना बरं वाटतं हे मी समजू शकते, पण तो मार्ग म्हणून कुणाला सांगता येत नाही.

तिसरा गट नायकावर घसरला. भेटेल ती बाई या पत्रकाराच्या प्रेमात कशी पडते? हसलो आपण सगळ्याच. पुरुषांनी लिहिलेल्या पुरुषांचं हे जुनं भाग्य आहे, पुढे जाऊ.

पुस्तकाच्या नावाविषयी कुणी बोललं नाही, म्हणून मी सांगते. स्वीडिश भाषेत या कादंबरीचं नाव आहे ‘बायकांचा द्वेष करणारे पुरुष’. फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांतरांनी ‘बायकांवर प्रेम न करणारे पुरुष’ असं थोडं सौम्य केलं, तरी पुरुष जागेवर ठेवले. इंग्रजीत २००८ साली पुस्तक आलं तेव्हा पुरुष गेले, द्वेष गेला, आणि उरली गोंदवून घेतलेली एक ‘मुलगी’. मूळ नावात गुन्हा कुणाचा ते सांगितलं होतं. नव्या नावात पाहायला कोण मिळेल ते सांगितलं. बातम्यांमध्ये हे आपण रोज पाहतो. ‘विवाहितेची आत्महत्या’ असं छापून येतं, तिला तिथवर ढकलणारा मथळ्यात नसतो.

लार्सन यांना हे चांगलं कळत होतं, असं मला वाटतं. जानेवारी २००२ मध्ये फादिमे शाहिंदाल या कुर्दी वंशाच्या तरुणीला तिच्या वडिलांनी ठार मारलं, तेव्हा ‘हा त्यांच्या संस्कृतीचा प्रश्न’ असं स्वीडनमध्ये अनेकजण म्हणू लागले. लार्सन यांनी २००४ साली या वादावर एका पुस्तकाचं सहसंपादन केलं आणि बाईवरची हिंसा एकाच समाजाच्या माथी मारायला विरोध केला. कादंबरीतले खुनीही बाहेरून आलेले नाहीत. जुन्या, श्रीमंत, प्रतिष्ठित स्वीडिश घराण्यातले बाप आणि मुलगा आहेत ते.

आणि म्हणूनच शेवट मला जास्त टोचतो. हॅरिएट जिवंत असते. बाप आणि भाऊ यांच्या अत्याचारातून सुटून ती ऑस्ट्रेलियात गेलेली असते. भाऊ मार्टिन कंपनीचा प्रमुख असतो आणि तळघरात वर्षानुवर्षं बायकांना मारत असतो. जिच्या नाहीशा होण्यानं कुणी विचारपूस करणार नाही, अशीच बाई तो निवडतो, बहुधा परदेशातून आलेली. तो अपघातात मरतो. मग घराण्याचा वकील पत्रकाराला गळ घालतो, की हे बाहेर येऊ नये. हॅरिएटला पुन्हा चव्हाट्यावर आणू नये म्हणून लिस्बेथही तयार होते. तिच्या अटी असतात. बायकांच्या आधारगृहांच्या संघटनेला कंपनीनं देणगी द्यावी, आणि ज्या मृत बायकांची ओळख पटेल त्यांच्या घरच्यांना भरपाई द्यावी. पत्रकाराला हे बोचतं, पण तोही गप्प बसतो. त्याच पत्रकारानं एका धनाढ्य माणसाच्या पैशाच्या अफरातफरीवर मात्र अख्खा अंक आणि एक पुस्तक काढलेलं असतं. पैशाचा घोटाळा छापून येतो, बायकांचे खून तडजोडीत मिटतात.

दोन तासांच्या चर्चेत या शेवटावर कुणी बोललं नाही. आपल्याला तो नेहमीचा वाटला असेल का? घराची अब्रू, मुलीचं पुढचं आयुष्य, थोडे पैसे आणि कोऱ्या कागदावर सह्या, हे आपल्या केंद्रातल्या टेबलावर कितीदा येतं!

हॅरिएटचा हक्क मला मान्य आहे. जी सोसून जगली, तिचं नाव तिच्या मर्जीशिवाय उघड होऊ नये, यासाठी आपण लढलो. मथुरा प्रकरणानंतरच्या आंदोलनांमधून १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला, त्यात पीडितेची ओळख जाहीर करणं गुन्हा ठरलं. आज भारतीय न्याय संहितेत तेच कलम ७२ आहे. पण ते कलम तिच्या नावासाठी आहे, त्याच्या नावासाठी नाही. हॅरिएटला बाजूला ठेवून मार्टिनचे गुन्हे सांगणं अवघड होतं, अशक्य नव्हतं. तळघरातल्या बायकांच्या आयांना भरपाई मिळेलही. मुलीचं काय झालं, कुणी केलं, हे सगळं उघडपणे सांगणारं मात्र कुणी नाही. त्यांची बाजू मांडायला त्या बैठकीत कुणी नव्हतंच.

तेव्हा हे पुस्तक वाचू नका असं मी म्हणणार नाही. जरूर वाचा, मुलींनाही द्या. फक्त खुनी सापडला म्हणून पुस्तक मिटू नका. शेवटची पन्नास पानं पुन्हा वाचा आणि कुणाला विचारून, कुणाच्या सोयीसाठी गप्प बसायचं ठरलं ते पाहा. पुढच्या वेळी आपल्यासमोर समझोत्याचा कागद येईल, तेव्हा सही करण्याआधी हाच प्रश्न विचारू या.