वाढत्या वयाचे बळ आणि दम
(अध्यक्षीय भाषण)

मुलांच्या शारीरिक सुदृढतेला बळ आणि दम अशा दोन बाजू आहेत. बळ स्नायूंचे व हाडांचे, दम हृदयाचा व फुप्फुसांचा. ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल करावी आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम करावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे.

बळाच्या व्यायामाची वऱ्हाडात जुनी परंपरा आहे. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. त्या परंपरेतला दोरीचा मल्लखांब मुलांसाठी विशेष सोयीचा आहे. दोर पायाचा अंगठा व शेजारचे बोट यांच्या पकडीत असतो, हात शरीर वर ओढतात आणि पोट-पाठ तोल सांभाळतात. पेलायचे असते ते स्वतःचेच वजन. मूल वाढते तसा भारही आपोआप वाढत जातो.

वजन उचलल्याने उंची खुंटते, हा समज पालकांमध्ये अजून आहे. योग्य देखरेखीखालच्या व्यायामाने वाढ थांबते, याला पुरावा नाही. इजा होते ती देखरेखीविना, चुकीच्या पद्धतीने किंवा झेपणार नाही असा भार उचलल्याने. सूचना ऐकून पाळता येऊ लागल्या आणि तोल सांभाळता येऊ लागला, की साधारण सातव्या-आठव्या वर्षी सुरुवात करता येते. आधी बैठका, जोर आणि लटकणे. पद्धत बिनचूक झाल्यावर हलके वजन. एका प्रकाराची ६ ते १५ आवर्तने, एक ते दोन फेऱ्या, आठवड्यातून दोन-तीन दिवस आणि मध्ये एक दिवस विश्रांती, एवढे पुरते. पंधरा आवर्तने सफाईने झाली की भार ५ ते १० टक्क्यांनी वाढवावा. वयात येण्यापूर्वी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंचा वापर अधिक चांगला करू लागते म्हणून. त्यामुळे दंडाचा घेर मोजून प्रगती ठरवू नये.

दमाचे गणित वेगळे आहे. मुलाचे हृदय लहान, एका ठोक्याला कमी रक्त ढकलणारे. म्हणून ठोके जलद पडतात. त्याच वेगाने धावताना शरीराच्या दर किलोमागे मुलाला मोठ्यांपेक्षा अधिक प्राणवायू लागतो, मात्र थकवा लवकर उतरतो. त्यामुळे लांबलचक एकसुरी धावण्यापेक्षा थांबून-थांबून जोर लावणारे लंगडी, आट्यापाट्या, खो-खो हे खेळ मुलांना मानवतात. खो-खोत एक पाठलाग करतो तेव्हा त्याचे आठ गडी बसलेले असतात. पन्नास मुलांच्या वर्गात एकच मैदान आखले तर बहुतेकांचा तास बघण्यातच जातो. दोन-तीन लहान मैदाने आखणे बरे. खेळांखेरीज दोरीवरच्या उड्याही उपयोगी. अकोल्यात मुष्टियुद्धाच्या सरावात त्या असतातच. त्यांनी दम वाढतो आणि पाय जमिनीवर आदळल्याने हाडांनाही बळकटी येते. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ही मध्यम जोराची साधी खूण.

अकोल्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. वजनाच्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ अधिक असल्याने मुलांचे शरीर अशा उन्हात लवकर तापते. शिवाय त्यांना घामही कमी येतो. मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत मैदानावरचा सराव सकाळी लवकर उरकावा, दर १५ ते २० मिनिटांनी पाणी पाजावे आणि सुट्टीनंतर सरावाचा जोर दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवावा. डोकेदुखी, भोवळ किंवा मळमळ दिसताच मुलाला सावलीत घेऊन अंग ओल्या फडक्याने पुसावे. बरे न वाटल्यास दवाखान्यात न्यावे.

शाळेच्या ४० मिनिटांच्या तासिकेत हे सारे बसते: सात मिनिटे अंग मोकळे करणे, बारा मिनिटे बळाचा सराव, सोळा मिनिटे धावपळीचा खेळ आणि पाच मिनिटे शिथिलीकरण. बळाचा सराव एक दिवसाआड ठेवावा. मधल्या दिवशी तोही वेळ खेळाला द्यावा. तासिका इतर विषयांना न देता ती रोज होऊ देणे, हे मुख्याध्यापकांचे काम. दिवसाच्या साठ मिनिटांतली उरलेली वीस मिनिटे घराजवळच्या खेळात सहज भरून निघतात.