ज्ञातिसभेतून ग्रामसभेकडे
(वणी येथील वार्षिक मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सप्तशृंगीच्या पायथ्याच्या या वणी गावी आज आपण एकत्र जमलो आहोत. आताच वार्षिक हिशेब वाचला गेला. एका लहानशा रकमेविषयीही सभासदांनी उभे राहून विचारणा केली, याचा आम्हांस आनंद वाटला. परंतु जे मंडळाच्या पैशाविषयी इतके दक्ष, ते गावाच्या पैशाविषयी मौन का धरतात, हाच प्रश्न आम्ही आज मांडणार आहोत.

1993 साली अमलात आलेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेस घटनेत स्थान दिले. 2015 पासून आपल्या राज्यात ‘आमचा गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली ग्रामपंचायतीने गावाचा आराखडा लोकांच्या विचाराने करावा, असे ठरले. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती होय. तेवढेही लोक न आल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेस गणपूर्तीचे बंधन नाही. म्हणजे आपण घरी बसलो तरी निर्णय थांबत नाही. तो केवळ आपल्यावाचून होतो.

चैत्रात आणि नवरात्रात गडाकडे जाणाऱ्या यात्रेकरूंची रीघ लागते. त्या दिवसांत रस्ता कोठे अडतो, पावसाळ्यात पाणी कोणत्या उंबऱ्याशी येते, हे दूरच्या कचेरीतील अभियंत्यास नकाशावरून कसे कळावे? ते ज्याच्या त्याच्या दारालाच ठाऊक. हे ज्ञान सभेत बोलले गेले नाही, तर आराखड्यात येणार कोठून?

लोकांनी मनावर घेतले म्हणजे काय घडते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. वाघाड धरण आपल्या दिंडोरी तालुक्यातले. त्याच्या कालव्याच्या शेवटी ओझरच्या जमिनी. तेथवर पाणी पुरेसे पोहोचत नसे. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या प्रयत्नाने 1990 नंतरच्या काळात तेथील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था स्थापिल्या, पाणी मोजून घेतले, पट्टी स्वतः वसूल केली. पुढे कालव्यावरील 24 संस्थांनी एकत्र येऊन प्रकल्पाचा कारभार हाती घेतला. यातील मर्म असे की, एकट्या शेवटच्या गावाचे हित साधून भागले नाही. वरच्यांस आणि खालच्यांस एका व्यवस्थेत यावे लागले.

हेच आपणांस लागू आहे. ज्ञातीच्या नावाने ग्रामसभेस जावयाचे, ते आपल्या आळीची गटार आधी बांधून घेण्यासाठी नव्हे. आपल्या दारापुरती बांधलेली गटार पुढच्या वस्तीत तुंबते. आपले अंगण कोरडे होते आणि दुसऱ्याचे घर भिजते. समाजमंदिरासाठी निधी मागणे सोपे आहे. परंतु शेजारच्या वस्तीत नळाला पाणी नसताना ती मागणी आपण प्रथम मांडणार काय? ज्या दिवशी आपला सभासद दुसऱ्या वस्तीच्या नळासाठी हात वर करील, त्या दिवशी आपली संघटना गावाच्या उपयोगी पडली, असे आम्ही समजू.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. प्रत्येक घरातून निदान एकाने ग्रामसभेस जावे. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायद्यात तरतूद आहे; भगिनींनी तीत आवर्जून बोलावे, कारण पाण्याची अडचण त्यांच्याइतकी कोणास ठाऊक? आणि मागील आराखड्यातील कोणते काम झाले, किती खर्च झाला, हे सौजन्याने परंतु चिकाटीने विचारावे.

हिशेब विचारण्याची सवय आपल्या ज्ञातीने आपणांस लावली. ती सवय चावडीवर नेण्याचे कार्य आजच्या तरुणांनी अंगावर घ्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.