जोडून आलेली सुट्टी आणि माथेरानचा हातरिक्षावाला



शनिवार-रविवारला लागून एखादा सण आला की मुंबई-पुण्याचा माणूस माथेरान गाठतो. आपण जासईकरही जातो. त्यात गैर काही नाही. वर्षभर राबणाऱ्याला चार दिवस मोकळी हवा हवीच. भरपगारी रजेसाठी आम्ही संघटनावाले भांडलो ते कशासाठी? पण एकाची रजा म्हणजे दुसऱ्याची जादा पाळी असते. आज त्या दुसऱ्याविषयी बोलावयाचे आहे.

1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट या डोंगरावर चढले आणि माथेरान साहेबलोकांच्या नकाशावर आले. 1907 साली पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून नेरळहून छोटी आगगाडी वर पोहोचली. मोटारींना मात्र वर मज्जाव आहे. त्या दस्तुरी नाक्यावर थांबतात. झाडी राखण्यासाठी हे योग्यच आहे. परंतु मोटारीला बंदी करून माणसाला जुंपले गेले, ही गोष्ट कोणाला फारशी खटकली नाही.

हातरिक्षा पाहिली असेलच. एक जण पुढे दांड्यात, मागून दोघे रेटणारे. तांबडी माती, चढ-उतार, वर बसलेला प्रवासी आणि त्याच्या बॅगा. चढावर छाती भरून येते हे सर्वांना दिसते. उतारावर सगळे वजन मनगटांनी थोपवावे लागते, ते दिसत नाही. गर्दीच्या तीन दिवसांत खेपेमागून खेप मारावयाची, कारण नंतरचे दिवस रिकामे जातात. आजारी पडणेसुद्धा त्या तीन दिवसांत परवडत नाही. कारखान्यात जादा तासांना दुप्पट दर आहे. येथे हजेरीपटच नाही, तर दुप्पट कशाची?

6 ऑगस्ट 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ही प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. ई-रिक्षा देऊन ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करा, पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. आम्ही या निकालाचे स्वागत करतो. मात्र आमचा जीव एका शब्दात अडकला आहे: ‘खरा’ ओढणारा. हातरिक्षांचे परवाने 94. एका रिक्षाला माणसे तीन. मागून रेटणाऱ्या दोघांची नावे कोणत्या कागदावर आहेत?

हा प्रश्न जुना आहे. 1980 साली अमृतसरच्या आझाद रिक्षा पुलर्स युनियनच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तोच हाताळला होता. परवाना चालवणाऱ्यालाच, असा पंजाबचा कायदा झाला. पण गाडी विकत घ्यावयास चालवणाऱ्याकडे पैसे कुठले? म्हणून बँकेच्या कर्जाची वाट काढून दिली गेली. हक्क आणि भांडवल एकत्र आले नाहीत तर हक्क सावकाराच्या दारात जातो.

जासईत हे फोड करून सांगावे लागू नये. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी येथली माणसे उभी राहिली. गोळीबार झाला, पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्के विकसित जमिनीचे तत्त्व त्या रक्तातून आले. जुने काढून घ्याल तर नव्यात वाटा द्या, एवढीच ती मागणी होती.

तेव्हा पुढच्या सुट्टीत दस्तुरीला ई-रिक्षात बसलात, तर भाडे देताना चालवणाऱ्याला सहज विचारा, ही गाडी कोणाच्या नावावर आहे? आणि पूर्वी मागून ढकलणारे ते दोघे आता काय करतात?