स्वस्त संगणक आणि जुने खेळ

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. वेळेअभावी राहिलेला थोडा तपशील छापताना जोडला आहे.)



शिक्षकाने व्यासपीठावरून व्हिडिओ गेमबद्दल बोलावे, हे आपल्यापैकी अनेकांना रुचणार नाही याची मला कल्पना आहे. शिवाय मी इतिहास आणि मराठी शिकवतो. संगणक हा माझा विषय नव्हे. तरीही हा विषय घेतला, त्याला कारण माझ्याच घरात घडलेली एक गोष्ट.

माझी थोरली बहीण आणि तिचा सातवीतला मुलगा आमच्याकडेच राहतात. गेल्या वर्षी आपाने त्याच्या क्लासच्या फीसाठी शिलाईच्या कामातून दोन हजार तीनशे रुपये जमवले होते. पैसे तिच्या मोबाइलच्या खात्यात होते. दोन रात्रींत ते गेले. चोराने नेले नाहीत. भाच्याने एका खेळातील नाणी आणि पोशाख विकत घेण्यासाठी पन्नास-पन्नास, शंभर-शंभर करून ते खर्च केले. सकाळी आपा काही बोलली नाही, नुसती मशीनसमोर बसून राहिली. मी मात्र मुलावर हात उगारला. शिक्षक असून उगारला, हे येथे कबूल करतो.

हात उगारला आणि मला अब्बांचा हात आठवला. मी नऊ-दहा वर्षांचा असताना पाव आणायला दिलेले पैसे घेऊन व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये गेलो होतो. अब्बांनी मला तेथूनच कान धरून घरी आणले. म्हणजे मामा आणि भाचा यांचा गुन्हा एकच! पण विचार करता एक फरक जाणवला. पार्लरमधील यंत्रही नाणी गिळण्यासाठीच बनवलेले होते, त्याची भलामण मी करत नाही; पण खिशातले नाणे संपले की खेळ संपत असे, आणि ते यंत्र रात्री अंथरुणात येऊन हाक मारत नसे. मोबाइलवरील पुष्कळ खेळ न संपण्यासाठीच बनवलेले असतात. मोबाइल काढून घेतला तर मुलाच्या हाती दुसरे काय द्यायचे, हा प्रश्न उरला.

उत्तर एका माजी विद्यार्थ्याने सुचवले. त्याने मला एटीएम कार्डाएवढा एक संगणक आणून दिला. जुना, वापरलेला, किंमत बाराशे रुपये. त्याचे नाव रास्पबेरी पाय. हा संगणक इंग्लंडमधील केंब्रिजचा. तेथील विद्यापीठात संगणकशास्त्रासाठी येणाऱ्या मुलांना पूर्वीच्या मुलांइतका हाताशी अनुभव नसतो, हे एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. आधीच्या पिढीच्या घरात बीबीसी मायक्रो किंवा स्पेक्ट्रम असे लहान संगणक असत; चालू केला की तो मुलाच्या आज्ञेची वाट पाहत बसे. (आपल्याकडेही १९८४ साली शाळांमध्ये संगणक-साक्षरतेचा प्रकल्प सुरू झाला, तो याच बीबीसी मायक्रोवर.) मुलाने मोडतोड केली तरी आईवडिलांना चटका बसू नये इतका स्वस्त संगणक काढावा, या विचारातून २९ फेब्रुवारी २०१२ रोजी रास्पबेरी पाय विक्रीस आला. किंमत ३५ डॉलर. २०१५ साली त्याचा ५ डॉलरचा धाकटा भाऊ आला, आणि तो तर एका मासिकाच्या मुखपृष्ठाला चिकटवून फुकट दिला गेला.

माझ्याकडचा नमुना २०१४ सालचा. आजच्या मोबाइलपुढे तो अगदीच दुबळा: मेमरी ५१२ मेगाबाइट, आणि गती ७०० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे घड्याळाचे सेकंदाला ७० कोटी ठोके. पण दुबळा कोणाच्या मानाने? १९७८ साली जपानच्या तैतो कंपनीने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ आणला. तोमोहिरो निशिकादो यांनी तो रचला. त्याच्या यंत्रातील इंटेल ८०८० या चिपचे ठोके सेकंदाला २० लाख. सारा खेळ ८ किलोबाइटमध्ये लिहिलेला. कामाची मेमरीही ८ किलोबाइटच, आणि त्यातील ७ किलोबाइट नुसते पडद्यावरील चित्र धरून ठेवण्यात जात. पडदा काळा-पांढरा होता, म्हणून त्यावर रंगीत पारदर्शक पट्ट्या लावल्या. आपण स्नेहसंमेलनात दिव्याला जिलेटिन पेपर लावतो, तीच युक्ती.

विद्यार्थी मित्रांनो, या खेळातील पुढची गोष्ट नीट ऐका. पडद्यावर अकरा-अकराच्या पाच रांगा, असे ५५ शत्रू असतात. यंत्र सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते, आणि दर चित्रागणिक फक्त एका शत्रूला सरकवते. ५५ जणांनी एकेक पाऊल टाकायला जवळजवळ एक सेकंद लागतो. पण शत्रू मरत गेले की रांग छोटी होते, पाळी लवकर येते, आणि शेवटचा उरलेला शत्रू दर चित्राला धावत सुटतो! खेळणाऱ्याच्या छातीत धडधड वाढवणारी ती गती यंत्राच्या गरिबीतून आली होती. हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

आता, जुन्या यंत्राचा खेळ या नव्या संगणकावर कसा चालतो? त्यासाठी एम्युलेटर लागतो. एम्युलेटर म्हणजे संगणकातील बहुरूपी. तो जुन्या चिपचे सोंग घेतो आणि जुन्या खेळातील एकेक आज्ञा वाचून, ती चिप जे करील ते स्वतः करून दाखवतो. इटलीतील निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘मेम’ नावाचा असा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. जुनी यंत्रे भंगारात जाण्यापूर्वी त्यांची नोंद राहावी हा त्यामागील हेतू, आणि इतिहासाच्या शिक्षकाला तो लगेच पटला. मात्र सोंग महाग पडते. मूळ चिपच्या एका आज्ञेसाठी आपल्या संगणकाला अनेक आज्ञा खर्च कराव्या लागतात, वर चित्र आणि आवाज. म्हणून २० लाख ठोक्यांच्या चिपपुढे ७० कोटी ठोके ही चैन वाटली तरी ती तशी नाही. मेमच्या नव्या आवृत्त्या अचूकपणाला महत्त्व देतात, त्यामुळे त्या जड झाल्या आहेत. दुबळ्या संगणकावर २००३ सालची आवृत्ती बसवावी. १९८०च्या आसपासचे खेळ त्यावर सुरळीत चालतात. नव्वदच्या दशकाअखेरचे, खोली दाखवणारे खेळ रखडतात. त्यांचा नाद सोडावा.

आमच्या चुकाही सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. साधा मोबाइल चार्जर लावला, तर संगणकाचा लाल दिवा मधूनच विझू लागला. वीज कमी पडत होती. जुन्या डबा टीव्हीला जोडण्यासाठी वायर आणली, चित्र येईना. शेवटी भाच्याने लाल पिन काढून पिवळ्या भोकात घातली आणि चित्र आले. वायरीतील जोडणीचा क्रम वेगळा होता. एके संध्याकाळी वीज अचानक गेली आणि मेमरी कार्डावरील सगळे बिघडले. तेव्हापासून दुसऱ्या कार्डावर नक्कल ठेवतो. एकाच कीबोर्डवर दोघे खेळायला बसले की तीन कळा एकदम दाबल्यावर एखादी लागतच नाही. मग प्लायवूडच्या तुकड्यावर बटणे बसवून त्यांच्या तारा संगणकाच्या पिनांना जोडल्या. डाग देण्याचे काम शेजारच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या चाचांनी भाच्याला शिकवले. त्या पिना ३.३ व्होल्टच्या असतात, ५ व्होल्ट लावले तर संगणक जातो. हे चाचांनी आधी सांगितले म्हणून आमचा वाचला.

एक गोष्ट मात्र कठीण गेली. बाजारात हजारो खेळ भरलेले कार्ड काही शे रुपयांत मिळते. मी एक आणले होते. भाच्याने विचारले, “मामू, हे खेळ ज्यांनी बनवले त्यांना यातले काही मिळते का?” मला उत्तर देता येईना. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणकाचा प्रोग्रॅमही साहित्यकृतीतच मोडतो. खेळ जुना झाला म्हणून तो कोणाचाच नाही असे होत नाही. आपाचे पैसे गेले म्हणून ज्या मुलाला मी प्रामाणिकपणाचा पाठ दिला, त्याच्या हाती चोरीचा माल कसा ठेवू? कार्ड परत केले. दुकानदार हसला. पण काही खेळ त्यांच्या हक्कदारांनीच घरगुती वापरासाठी मोकळे केले आहेत. १९८१चा ‘रॉबी रोटो’ आणि १९८३चा, कारखान्यातून कधी बाहेरच न पडलेला ‘ग्रिडली’ हे त्यांपैकी. आमच्या घरी तेच चालतात. खेळ थोडे आहेत. आपासुद्धा ‘ग्रिडली’ खेळते आणि भाच्याला हरवते.

काही पालकांनी विचारले, “सर, याने अभ्यास वाढला का?” गणितात त्याला पूर्वीइतकेच गुण आहेत, खोटे कशाला सांगू? मोबाइलवरील खेळाचे वेडही पूर्ण गेलेले नाही, अधूनमधून तो आईच्या फोनकडे पाहतो. पण १९८०च्या ‘पॅकमन’मध्ये २५६व्या टप्प्याला पडद्याचा उजवा अर्धा भाग का विस्कटतो, हे त्याने मला समजावून दिले. टप्पा मोजायला एकच बाइट, तिच्यात २५५पर्यंतच आकडा मावतो; पुढे मोजणी शून्यावर येते आणि फळे मांडणारा हिशेब बिघडतो. हे त्याने पाटीवर एक-शून्य मांडून दाखवले.

‘स्पेस इन्व्हेडर्स’ विकत आणलेला नाही, म्हणून भाच्याने त्याच तत्त्वावर स्वतःचा खेळ पायथन भाषेत लिहायला घेतला आहे. ५५ पांढरे चौकोन आहेत, दर चित्राला एकच सरकतो, आणि शेवटचा खरोखरच धावतो. अडचण एकच: गोळीचा वेग वाढवला की ती काही वेळा चौकोनाला न लागता आरपार निघून जाते. गेले पंधरा दिवस आम्ही दोघे त्यापाशी अडलो आहोत. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तो संगणक विज्ञानाच्या खोलीत आणून ठेवणार आहे. ज्याला कारण सुचेल त्याने यावे. येताना कीबोर्ड असल्यास आणावा, आमच्याकडे एकच आहे.