मागचं लेबल



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा दोघांनी मला गाठून विचारलं, "सर, इंद्रायणीकाठच्या माळकऱ्यांपुढे तुम्ही वाइनवर बोलणार?" बोलणार. कारण ती बाटली आपल्या दारात आलेलीच आहे. महामार्गाकडेच्या लॉनवरच्या लग्नांत आहे, लोणावळ्याच्या बंगल्यांवर आहे, मुंबईहून येणाऱ्या भाच्याच्या पिशवीतही आहे. तिच्यावर लिहिलेलं असतं 'अल्कोहोल-फ्री', आणि घरातलं कुणीतरी ती हातात धरून विचारतं, "ही आपल्याला चालते ना?" मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो.

कागद नीट वाचायची सवय वडगावकरांना असायलाच हवी. जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर निघालेली इंग्रज फौज तळेगावहून माघारी फिरली, जड तोफा तिथल्या तळ्यात ढकलल्या आणि आपल्या वडगावात कोंडली गेली. महादजी शिंद्यांपुढे तिने तह लिहून दिला. तहाचा मजकूर आपल्याला हवा तसाच होता. पण सही करणाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, असं म्हणून कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्जनं तो झिडकारला. ठळक अक्षरांवर थांबू नये, हा धडा आपल्या मातीतलाच आहे. बाटलीलाही तो लागू पडतो. काय काढलं ते पुढच्या लेबलवर मोठ्या अक्षरांत असतं. काय घातलं ते मागच्या लेबलवर, चष्मा लावून वाचावं लागतं.

पहिली गोष्ट, ही खरंच वाइन होती का? नीरा आणि ताडी आपल्याला माहीत आहेत. पहाटे उतरवलेली थंड ठेवली तर ती नीरा, आंबली की ताडी. द्राक्षाचंही तसंच आहे. वेल्च नावाच्या अमेरिकन दंतवैद्यानं १८६९ मध्ये द्राक्षरस तापवून आंबणं थांबवलं, चर्चमध्ये दारूऐवजी देता यावा म्हणून. तो रस म्हणजे द्राक्षाची नीराच. आजही असा गोड रस वाइनच्या बाटलीत भरून, वर सोनेरी कागद लावून विकतात. त्यात वाईट काही नाही, फक्त वाइनचे पैसे देऊन रस घेऊ नये. खऱ्या बिनअल्कोहोलच्या वाइनमध्ये रस आधी पूर्ण आंबवतात आणि मग अल्कोहोल काढून घेतात. मागे 'डीअल्कोहोलाइज्ड वाइन' असे शब्द असतील तर ती ही. नुसतं 'ग्रेप ज्यूस' आणि 'फ्लेवर' असेल तर तो रस.

अल्कोहोल काढतात कसं? डोंगरावर हवेचा दाब कमी असतो, म्हणून लोणावळ्यात पाणी शंभराऐवजी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळतं. पंपानं दाब आणखी खूप कमी केला, तर अल्कोहोल तीसेक अंशांवरच उडून जातं आणि वाइन शिजत नाही. जर्मनीतल्या कार्ल युंग यांनी हे तंत्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच वापरात आणलं. दुसरी रीत तुमच्या स्वयंपाकघरातल्या आरओची. बारीक पडद्यातून पाणी आणि अल्कोहोल पलीकडे जातं, रंग आणि चव अलीकडे राहते, मग पाणी परत मिसळतात.

आता खरी अडचण. साध्या व्हाइट वाइनच्या ७५० मिलीच्या बाटलीत नव्वदेक मिली अल्कोहोल असतं. ते नुसतं नशेपुरतं नसतं. वास नाकापर्यंत तेच पोचवतं, जिभेवरचा भरीवपणा तेच देतं, टिकाऊपणाही त्याचाच. ते काढलं की उरतं आंबट, पातळ पाणी. रेड वाइनला सालीचा तुरटपणा सावरून धरतो. व्हाइटमध्ये तोही जवळजवळ नसतो. मग ही पोकळी बहुतेक वेळा साखरेनं भरतात. म्हणून दुसरी गोष्ट, १०० मिलीमागे साखर किती ते पाहा. चार-पाच ग्रॅमपर्यंत असेल तर बनवणाऱ्यानं हात आखडता घेतला आहे. दहाच्या वर गेली तर सरबतच समजा. मधुमेह असलेल्यांनी 'अल्कोहोल नाही' म्हणजे 'पथ्याचं' असं समजू नये.

तिसरी गोष्ट द्राक्षाची जात. नाशिककडच्या वाइनमुळे सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां ही नावं आपल्या कानांवरून गेली आहेत. मूळचा वास दांडगा असलेली जात निवडावी, म्हणजे सोव्हिन्यों ब्लां, रीसलिंग किंवा मस्कत. निम्मा वास गेला तरी काही उरतो. पहिल्यांदाच घेत असाल तर बुडबुड्यांची घ्या. अल्कोहोलचा चटका गेलेला असतो, त्याची थोडी जागा वायूचा चुरचुरीतपणा घेतो. बाटली चांगली गार करा आणि सोबत तळलेला मासा किंवा अळूवडी ठेवा. तेलकट, खमंग घासानंतर आंबटपणा खुलतो. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवा, तिला टिकवणारं आता आत काही नाही.

राहिला शून्याचा प्रश्न. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांत ०.५ टक्क्याहून जास्त अल्कोहोल असलेलं पेय मद्य ठरतं. म्हणजे 'अल्कोहोल-फ्री'मध्ये अंश असू शकतो. तसा तो पिकलेल्या केळ्यात आणि पावातही असतो. आणि वर्षानुवर्षं आजीच्या कपाटात असलेल्या द्राक्षासवात तर त्याहून कितीतरी जास्त असतो, तसं बाटलीवर छापलेलंही असतं. ज्याला अंशही नको त्यानं ०.० लिहिलेलीच घ्यावी. ज्यांनी कष्टानं दारू सोडली आहे, त्यांच्यापुढे मात्र ०.० चीही ठेवू नये. अंशापेक्षा तो वास, तो पेला आणि ती बैठक त्यांना मागे ओढू शकते. गरोदर बाईनं आणि यकृताचं औषध चालू असलेल्यानं आधी डॉक्टरांना विचारावं.

माळकऱ्यांबद्दल मला विचारलंत. रसायनशास्त्र अंश मोजून देईल, व्रत मोजून देणार नाही. कुणी म्हणेल, एकदा आंबलं ते वर्ज्य. कुणी म्हणेल, नशा नाही तर दोष नाही. ते ज्याचं त्यानं ठरवावं. यजमानाचं काम एवढंच, की बाटली मागची बाजू दिसेल अशी ठेवायची. "काही नाही हो, ज्यूसच आहे," असं म्हणून पाहुण्याच्या हातात पेला द्यायचा नाही. दुसऱ्याच्या वतीनं सही करायचा अधिकार आपल्याला नसतो, आणि तशा सहीची किंमत काय होते, हे वडगावनं १७७९ मध्येच पाहिलं आहे.