टेंपोची पायरी



डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने अधिसूचना काढली की, १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मालमोटारींची केबिन वातानुकूलित असावी. न्हावाशेव्याचे कंटेनर ओढणाऱ्या माझ्या बांधवांना हा न्याय मिळाला, ह्याचा मला आनंद आहे. परंतु साडेतीन टनांच्या आतील टेंपो त्यात नाहीत; आणि करंजाड्यात तुमच्या दारी पाण्याचे जार नि किराणा आणतो तो नेमका हाच टेंपोवाला! काही टेंपोंत तर इंजिनच आसनाखाली. वैशाखात वरून पत्रा तापतो, खालून इंजिन.

शिवाय नुसता गारवा पुरत नाही. लांब पल्ल्याचा चालक तासन्‌तास बसतो, आमचा घडोघडी उतरतो. तोही उजवीकडे, वाहत्या रस्त्यात. मीही अनेक वर्षे तसाच उतरलो. माझा गुडघा त्या पायरीनेच खाल्ला.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. पायरी बुटकी व खरखरीत असावी, धरायला दांडी असावी, डावीकडे सरकून पदपथावर उतरता यावे, गाडीमागचे मूल दिसावे.

चपला शिवताना चांभारसुद्धा पायाचे माप घेतो. मग केबिन बांधणाऱ्याने चालकाला एकदा विचारू नये काय?