कातडीची वेस आणि लवचिक पुटिका



ओझी वाहणाऱ्या कामगारांत माझी तीस वर्षे गेली. गुडघा दुखतो म्हणून गोळी घ्यायची आणि त्या गोळीने पोट जाळून घ्यायचे, हा त्यांचा नित्याचा व्यवहार. मग औषध कातडीवाटेच दुखऱ्या जागी का नेऊ नये? या प्रश्नाने मला पुस्तकांकडे नेले. शाळा लवकर सुटली, तेव्हा सांगणार तेही साध्या बोलीत.

कातडी ही मोठी कडक पहारेकरीण. तिचा वरचा मृत थर मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढाच जाड. पण त्यातल्या चपट्या पेशी स्निग्ध द्रव्याने अशा लिंपलेल्या, की बहुतेक औषधे वेशीबाहेरच राहतात.

१९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथे अ‍ॅलेक बँगहॅम यांना दिसले, की लेसिथिनसारखी द्रव्ये पाण्यात मिसळताच आपोआप दुपदरी भिंतीच्या पोकळ पुटिका बनतात. या लायपोसोमच्या पोटात औषध भरता येते. पण त्या ताठ. कातडीच्या वरच्या थरातच अडकतात. १९९० च्या सुमारास म्युनिकमध्ये ग्रेगोर त्सेव्त्स यांनी त्या भिंतीत पित्तातील क्षारासारखे द्रव्य थोडेसे मिसळले. त्याने भिंत सैल झाली आणि पुटिका आपल्याहून अरुंद छिद्रातून अंग चोरून जाऊ लागली. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर तसल्या शंभरएक भागांएवढा तिचा व्यास!

तिला आत ढकलते कोण? ओल. कातडी वरून कोरडी, आतून ओली. तळे आटू लागले की खेकडा ओलीकडे चिखलात शिरतो, तशी ती शिरते, असे त्सेव्त्स यांचे म्हणणे. मलम चोळून वर पट्टी आवळायची आपली सवय इथे उलटी पडते. वरही ओल साचली की ओढच संपली. पुटिका अखंड पलीकडे पोचते, हे मात्र सर्वांना मान्य नाही. ती वाटेत फुटते आणि तिची स्निग्ध द्रव्ये औषधाला वाट करून देतात, असे काही संशोधक मानतात.

आता आपल्या गुडघ्याकडे येऊ. केटोप्रोफेन हे वेदनाशामक या पुटिकांत भरून संधिवाताच्या रोग्यांवर मोठी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. औषध नसलेल्या बनावट गोळीपेक्षा पुटिकांचे मलम सरस ठरले. पण औषध भरलेल्या पुटिका रिकाम्या पुटिकांहून सरस ठरल्या नाहीत! मग गुण कोणाचा? पुटिकेच्या स्निग्धतेचा, चोळणाऱ्या हाताचा, की रोग्याच्या विश्वासाचा? म्हणून नवे महागडे मलम कोणी पुढे केले, की मी आमच्या लोकांना एवढेच विचारायला सांगतो : रिकाम्या पुटिकेशी तुलना केली होती का?